चर्चच्या युनिव्हर्सिटीला अर्ज करायचाय? आधी हे सगळं वाचा

बारावीचे निकाल लागले की मला मेसेज यायला लागतात. ओळखीच्यांची मुलं असतात, मैत्रिणींच्या बहिणी असतात, कधी एकदम अनोळखी कुणीतरी. प्रश्न एकच, ‘ताई, बीवाययूची फी खरंच एवढी कमी आहे का, आणि ख्रिश्चन नसलं तरी घेतात का.’ दोन्हीचं उत्तर हो. पण नुसतं हो म्हणून सोडून दिलं तर मी त्या पोरांना फसवल्यासारखं होईल, म्हणून आज सविस्तर लिहिते. लांब होणार आहे.

बीवाययू म्हणजे ब्रिघम यंग युनिव्हर्सिटी. अमेरिकेत युटा राज्य आहे, तिथं प्रोव्हो नावाचं शहर, मागं लगेच डोंगर आणि त्या डोंगरावर भलंमोठं पांढरं ‘वाय’ अक्षर. १८७५ ची संस्था आहे आणि ती चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्सच्या मालकीची आहे, ज्यांना बाहेरचे लोक मॉर्मन म्हणतात (त्यांना स्वतःला हल्ली पूर्ण नावच आवडतं, तेवढं लक्षात ठेवा). तीस-पस्तीस हजार विद्यार्थी, त्यातले शंभरात अठ्ठ्याण्णव तरी त्यांच्याच चर्चचे. म्हणजे वर्गात शंभर पोरं असतील तर आपल्यासारखं एखाद-दुसरंच, आणि बऱ्याच वर्गांत तेवढंही नाही.

मी कोल्हापूरची, कॉमर्सवाली, मला अकाउंटिंग करायचं होतं आणि अकाउंटिंगच्या रँकिंगमध्ये ही युनिव्हर्सिटी कायम वरती असते. त्यात फी. अंडरग्रॅडची, म्हणजे पदवीची, ट्यूशन चर्चच्या मेंबर विद्यार्थ्यांना वर्षाला साडेसहा-सात हजार डॉलरच्या आसपास पडते आणि बाकीच्यांना बरोबर दुप्पट. ही दुप्पट वाचून आमचे काका भडकले होते, की हा सरळसरळ भेदभाव झाला. पण त्यामागचं कारण समजून घ्या. चर्चचे मेंबर आपल्या कमाईचा दहावा हिस्सा चर्चला देतात, त्या दशांशाच्या पैशातून युनिव्हर्सिटीचा मोठा खर्च चालतो, म्हणजे त्या मुलांच्या आईबापांनी आधीच भरलेलं असतं. अमेरिकेतल्या सरकारी युनिव्हर्सिट्यांत परराज्यातल्या मुलाला जास्त फी लागते तसंच काहीसं. आणि ती दुप्पट धरूनही तेरा-चौदा हजाराच्या आसपासच जाते, अमेरिकेतल्या बऱ्याच खाजगी युनिव्हर्सिट्या वर्षाला पन्नास-साठ हजार मागतात, तेव्हा बाबांनी कागदावर आकडेमोड केली आणि दोन दिवसांनी म्हणाले, भर फॉर्म.

आजीचा प्रश्न मात्र फीचा नव्हताच. ‘पोरीला बाटवतील की रं तिकडं’, हे ती बाबांना म्हणाली, मला नाही. मला तो प्रश्न अजिबात अडाणी वाटला नाही आणि आजही वाटत नाही. बाराशे-तेराशे नाही, वर्षाला तेरा-चौदा हजार डॉलर भरून चार वर्षांसाठी पोरगी एका धर्माच्या संस्थेत चाललीय, तर घरच्यांनी हे विचारायलाच पाहिजे. मी तिला सांगितलं की आपल्याकडंही मिशनची कॉलेजं आहेतच, मुंबईत विल्सन १८३२ पासून आहे, झेवियर्स १८६९ पासून, मिरजेच्या वॉनलेस हॉस्पिटलात तर आपल्या घरातली माणसं वाचलीत, कोण बाटलं? आजीचं समाधान झालं, पण मला स्वतःला नंतर कळत गेलं की ही तुलना पुरी पडत नाही. झेवियर्सला अ‍ॅडमिशन घेताना तुम्ही घरी काय पिता, दाढी ठेवता का, कुणाबरोबर राहता हे कुणी विचारत नाही. इथं विचारतात, आणि लेखी घेतात.

त्याला ऑनर कोड म्हणतात. अर्ज करतानाच तो मान्य करावा लागतो. दारू नाही, तंबाखू-व्हेप नाही, लग्नाआधी शरीरसंबंध नाहीत, मुलांना दाढी नाही (वैद्यकीय किंवा धार्मिक कारण असेल तर परवानगी काढता येते, शीख मुलांनी हे आधीच विचारून घ्यावं), कपड्यांचे नियम आहेत, होस्टेलवर मुलामुलींनी एकमेकांच्या बेडरूममध्ये जायचं नाही, कॉपी नाही, खोटं नाही. आणि चहा नाही. कॉफी पण नाही.

दारूचं वाचून आमच्या घरी सगळे खूश झाले, चहाचं वाचून शांतता पसरली. १८३३ मध्ये त्यांच्या चर्चमध्ये आरोग्याबद्दलची एक शिकवण आली, त्यात ‘गरम पेयं’ वर्ज्य सांगितली आहेत, आणि त्याचा अर्थ ते चहा आणि कॉफी असा घेतात. गरम दूध, कोको चालतं, कोल्ड्रिंकमधलं कॅफिन पण चालतं (कॅम्पसवर कॅफिनवाली कोल्ड्रिंक्स विकायला २०१७ मध्ये सुरुवात झाली, त्याआधी तीही मिळत नव्हती). चहाच्या झाडाची पानं नकोत, एवढा तो नियम आहे. मी इथं येऊन काय केलं सांगते. एशियन ग्रोसरीच्या दुकानात लेमनग्रास मिळतं, म्हणजे आपला गवती चहा, ते बोटभर लांबीचे तुकडे करून ठेचायचे, आलं किसून घालायचं, दोन वेलदोडे, गूळ असेल तर गूळ, पाणी चांगलं अर्ध्यावर येईपर्यंत उकळायचं आणि मग गॅस बारीक करून दूध. पावडर अजिबात नाही. पहिल्या आठवड्यात डोकं जाम दुखायचं, नंतर गेलं. आता माझ्या रूममेट्स पण तोच पितात.

पण हे गोड वाटेल म्हणून पुढची ओळ नीट वाचा. हा नियम कॅम्पसपुरता नाही. तुम्ही तिथले विद्यार्थी आहात तोपर्यंत कॅम्पसवर आणि बाहेर, दोन्हीकडं लागू आहे, सुट्टीत कोल्हापूरला घरी आलात तरी. मी घरी गेले की काकूंकडं, मावशीकडं, शेजारी, सगळीकडं कप पुढं येतो आणि मी नको म्हणते, आणि लोकांना वाटतं पोरगी अमेरिकेत जाऊन शिष्ट झाली. इथं कोण बघायला येतंय, असं मला दहा जणांनी सांगितलंय. कुणी येत नाही. पण मी सही केलीय ना.

आणि हाच तो मुद्दा आहे ज्यासाठी मी हे सगळं लिहायला बसले. या लोकांना तुमची श्रद्धा नकोय, तुमचा शब्द हवाय. तुम्ही त्यांचा देव मानता का असं मला एकदाही कुणी विचारलं नाही. जे मान्य करताय ते पाळणार का, हे मात्र चार ठिकाणी विचारलं.

त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं ठिकाण म्हणजे एंडोर्समेंट. बाकीच्या अर्जाचं काही विशेष नाही, दहावी-बारावीची मार्कशीट, टोफेल (इंग्रजीची परीक्षा), निबंध, कॉलेजबाहेर काय केलं वगैरे, कुठल्याही अमेरिकन युनिव्हर्सिटीला लागतं तेच. एंडोर्समेंट ही वेगळी गोष्ट आहे. एखाद्या धर्मगुरूनं तुमच्याशी बोलून लिहून द्यायचं असतं की हा विद्यार्थी ऑनर कोडप्रमाणे राहायला तयार आहे. चर्चच्या मुलांना त्यांचे बिशप, म्हणजे त्यांच्या स्थानिक चर्चचे प्रमुख, वगैरे देतात. आपल्याला? आपल्या देवळातले पुजारी असलं काही लिहून देत नाहीत, त्यांना ते काय आहे हेच माहीत नसतं. मग त्यांच्या चर्चच्या भारतातल्या स्थानिक नेत्याशी बोलायचं. भारतात त्यांची माणसं कमी आहेत आणि जास्त करून दक्षिणेत, हैदराबाद, बंगलोर, विशाखापट्टणम या बाजूला. कोल्हापूरला कुणी नव्हतं, त्यामुळे माझं बोलणं ऑनलाईन ठरलं, तेही बऱ्याच ईमेलनंतर.

मी ओढणी पिनअप करून, मागं देवघर दिसू नये म्हणून खुर्ची फिरवून बसले होते. आई म्हणाली, दिसू दे की, आपण काय लपवायचंय. खुर्ची परत फिरवली. ते गृहस्थ पन्नाशीचे असतील, हिंदी-इंग्रजी मिसळून बोलत होते, आणि पहिल्यांदा त्यांनी मागच्या गणपतीबद्दलच विचारलं, की घरी बसवता का. मग एकेक नियम वाचून दाखवला आणि प्रत्येकावर थांबून विचारलं, हे तुम्हाला जमेल? हो म्हटलं की पुढचा. चहावर मी जरा वेळ घेतला. ते म्हणाले, घाईनं हो म्हणू नका, मी पण इथलाच आहे, मला माहीत आहे चहा सोडणं म्हणजे काय. मला तो माणूस फार आवडला. त्यांनी धर्म बदलण्याबद्दल एक अक्षर काढलं नाही.

आता याच्या उलट बाजू. अर्ज करायच्या आधी आम्ही एका कन्सल्टंटकडं गेलो होतो, नाव घेत नाही. त्यानं सांगितलं, मुलाखतीत म्हणायचं की मला चर्च जॉईन करायचंय, मग फी अर्धी होते, तिथं पोचल्यावर कोण विचारतंय. हे असं सांगणारे अजून आहेत, म्हणून स्पष्ट लिहिते. एक तर नुसत्या इच्छेवर फी अर्धी होत नाही, मेंबर असावं लागतं. दुसरं म्हणजे मेंबर होणं एकतर्फी रस्ता आहे आणि हे बहुतेकांना माहीतच नसतं. तिथं हिंदू मुलगी हिंदू म्हणून शिकू शकते, मुस्लिम मुलगा मुस्लिम म्हणून, त्यात काही अडचण नाही. कुणी शिकता शिकता चर्चमध्ये गेलं तरी चालतं. पण जो आधीच मेंबर आहे आणि चर्च सोडतो, त्याला एंडोर्समेंट मिळत नाही आणि शिक्षण अर्धवट राहतं. मला स्वतःला हा नियम अन्यायाचा वाटतो, तिथल्याही काही विद्यार्थ्यांना वाटतो आणि त्यांनी त्याविरुद्ध आवाज उठवलेला आहे, पण नियम आहे. म्हणजे फीसाठी खोटा बाप्तिस्मा घेणारा माणूस स्वतःच्या पायात बेडी घालून घेतो. आणि दुसऱ्याच्या श्रद्धेशी असं खोटं खेळणं हे पापच आहे, मग धर्म कुठलाही असो.

एंडोर्समेंट एकदाच लागत नाही, दरवर्षी परत घ्यावी लागते. इथं आल्यावर ते सोपं होतं, कारण युनिव्हर्सिटीत एक चॅपलिन, म्हणजे युनिव्हर्सिटीनं नेमलेले धर्मगुरू, असतात, ते बाकी धर्मांच्या मुलांना देऊ शकतात. पण ती काढून घेतली गेली तर पुढच्या सेमिस्टरला नाव नोंदवता येत नाही. आणि इथं आपण परदेशी असण्याचा संबंध येतो. अमेरिकन मुलाची एंडोर्समेंट गेली तर तो घरी जाईल, जवळच्या दुसऱ्या कॉलेजात जाईल, वर्ष वाया जाईल, वाईट आहे पण निभावेल. आपण एफ-१ म्हणजे विद्यार्थी व्हिसावर असतो, पूर्णवेळ शिकत असणं हाच तिथं राहायचा आधार. नाव नोंदवलं नाही की स्टेटस गेलं, मग घाईघाईनं दुसरी युनिव्हर्सिटी शोधून ट्रान्सफर नाहीतर परतीचं तिकीट, आणि एज्युकेशन लोनचे हप्ते कोल्हापुरात बाबांच्या नावावर. एकाच नियमाची किंमत दोघांना वेगवेगळी पडते. म्हणून ‘सगळेच थोडंफार मोडतात’ हे तिथल्या मित्रानं सांगितलं तरी तो त्याच्या जागेवरून सांगतोय हे ध्यानात असू द्या.

आणि एक गोष्ट जी कन्सल्टंट कधीच सांगणार नाही. तुम्ही गे किंवा लेस्बियन असाल तर हे वाचल्याशिवाय पैसे भरू नका. २०२० च्या फेब्रुवारीत ऑनर कोडमधून समलैंगिक वर्तनाबद्दलचा भाग काढला गेला, बऱ्याच मुलांना वाटलं आता मोकळं झालं, आणि मार्चमध्ये खुलासा आला की समलिंगी प्रेमसंबंध अजूनही चालणार नाहीत. म्हणजे तुम्ही तसे आहात म्हणून काढत नाहीत, पण प्रेम करायची परवानगी नाही. माझ्या ओळखीतल्या एका मुलानं हे वाचून अर्ज केला नाही, दुसरीकडं जास्त फी भरून गेला, आणि मला त्याचा निर्णय शंभर टक्के बरोबर वाटतो. चार वर्षं स्वतःला कुलूप लावून ठेवण्याइतकी कुठलीच फी स्वस्त नसते.

आत आल्यावर काय होतं तेही सांगते, कारण सगळ्यांना वाटतं सकाळसंध्याकाळ प्रार्थना आणि प्रवचन. तसं नाही. धर्माचे कोर्स मात्र करावे लागतात, अंडरग्रॅडला १४ क्रेडिटचे, त्यात त्यांच्या बुक ऑफ मॉर्मनचा पण आहे. ते १८३० मध्ये छापलं गेलेलं पुस्तक, बायबलबरोबर तो त्यांचा धर्मग्रंथ. मी घाबरले होते की बाकीची पोरं लहानपणापासून हे वाचतात, मला काय येणार. बाहेरच्या मुलांसाठी ओळखीचा एक वेगळा कोर्स असतो तो आधी घेतला आणि मग सोपं गेलं. परीक्षेत ग्रंथात काय लिहिलंय हे विचारतात, तुम्हाला ते पटतं का हे नाही. बरेच वर्ग प्रार्थनेनं सुरू होतात, अगदी अकाउंटिंगचा सुद्धा, मी हात जोडून गप्प उभी राहते किंवा बसते, मनात आपलं म्हणते. मंगळवारी अकरा वाजता सगळ्या कॅम्पसचं एक प्रवचन असतं. रविवारी सगळं बंद, लायब्ररी सुद्धा, त्यामुळे सोमवारी परीक्षा असेल तर शनिवारीच उरकायचं. त्यांच्या टीमा रविवारी मॅच खेळत नाहीत, मोठी स्पर्धा असली तरी नाही. हे मला मनापासून भावतं, की पैसा आणि नाव समोर असताना माणसं आपलं म्हणणं सोडत नाहीत.

मुलं खूप चांगली आहेत आणि वयानं जरा मोठी आहेत, कारण बरीचशी मध्येच मिशनला, म्हणजे धर्मप्रचाराला, जातात, मुलं दोन वर्षं, मुली दीड वर्ष. कुणी ब्राझील, कुणी फिलिपिन्स, कुणी तैवान, तिथली भाषा शिकून, लोकांच्या घरी जाऊन, नकार ऐकून आलेली असतात. त्यामुळे परक्या माणसाला घरी बोलवायची त्यांना सवय असते. पहिल्या महिन्यात मला तीन वेगवेगळ्या मुलींनी बुक ऑफ मॉर्मन भेट दिलं. मी घेतलं, थँक्यू म्हटलं, आणि चर्चला येशील का म्हटल्यावर एकदा गेले पण. पुढं नको म्हटलं तर मैत्री तुटली नाही. पण एकटेपणा येतो हे खरं. वर्गातले निम्मे संदर्भ त्यांच्या चर्चमधले, डेटिंगच्या, लग्नाच्या गप्पा (तिथं लग्नं लवकर होतात, वीस-बावीसला), आणि आपण तिथं बाहेरूनच बघत असतो. ज्याला सारखं माणसांत आपलं कुणीतरी लागतं त्यानं याचा विचार करावा.

रूमवर उदबत्ती-निरांजन लावता येत नाही, आगीचे नियम आहेत, बॅटरीचा दिवा चालतो. प्रोव्होच्या दक्षिणेला स्पॅनिश फोर्क नावाचं गाव आहे, तिथं टेकडीवर राधाकृष्णाचं मोठं देऊळ आहे. वसंतात तिथं होळी होते आणि हजारो पोरं येतात, त्यातली भरपूर आमच्याच युनिव्हर्सिटीची, दारू नाही, धक्काबुक्की नाही, नुसता रंग आणि भजन. आजीला व्हिडिओ कॉलवर दाखवलं. ती म्हणाली, हे तर आपल्यापेक्षा शिस्तीत खेळायल्यात.

धार्मिक युनिव्हर्सिटी म्हणजे सगळ्या अशाच असतात असं मात्र धरू नका. नोत्र दाम युनिव्हर्सिटी कॅथलिक आहे, तिथं थिऑलॉजीचे (धर्मशास्त्राचे) कोर्स करावे लागतात, पण चहा-कॉफीवर कुणी सही घेत नाही. जॉर्जटाऊन जेझुइटांची (हा कॅथलिक धर्मगुरूंचा एक संघ), १७८९ ची, तिथं सगळ्या धर्मांची मुलं आहेत. टेक्सासमधली बेलर बाप्टिस्ट आहे, तिथं दोन सेमिस्टर चॅपलला, म्हणजे प्रार्थनासभेला, हजेरी लावावी लागते. तेव्हा प्रत्येक ठिकाणी जाऊन तीन गोष्टी शोधा, काय मान्य करावं लागतं, ते मोडलं तर काय होतं, आणि धर्माचे कोर्स किती. रँकिंग नंतर बघा.

व्हिसाला मुंबईत बीकेसीला अमेरिकन कॉन्सुलेटमध्ये गेले तेव्हा मला एकच खरा प्रश्न आला, हीच युनिव्हर्सिटी का. मी म्हटलं अकाउंटिंग चांगलं आहे आणि माझ्या वडिलांना परवडतं. आणि नियम माहीत आहेत का, तर म्हटलं हो, चहा सोडलाय. त्या बाई हसल्या. जे खरं आहे तेच सांगा, पाठ केलेलं लगेच कळतं.

यंदा अर्ज करणाऱ्यांनी एंडोर्समेंटचं सगळ्यात आधी सुरू करा, टोफेलच्या पण आधी. भारतात ती द्यायला माणसं मोजकी आहेत, ती आपली नोकरी-धंदा सांभाळून हे काम करतात, पगारी नाहीत, ईमेलला उत्तर यायला वेळ लागतो आणि मग मुलाखतीची वेळ मिळायला अजून. डेडलाईनच्या आठवड्यात घाई केली तर तुमचंच नुकसान. मग पहिल्या वर्षाचे पैसे कुठून दाखवणार त्याचे कागद, बँकेचं लोन सँक्शन लेटर किंवा एफडी, त्याशिवाय आय-२०, म्हणजे व्हिसासाठी युनिव्हर्सिटी देते तो फॉर्म, येत नाही. आय-२० आल्यावर सेव्हिसचे (परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीचे) ३५० डॉलर आणि मग व्हिसाचा स्लॉट. आणि ऑनर कोड प्रिंट काढून घरी आईबाबांना मराठीत वाचून दाखवा, एकेक ओळ. आमच्याकडं तासभर लागला होता.